काव, पिवडी आणि सूत : लक्सरची सफर

पहिला दिवस

कैरो विमानतळावर लक्सरचं विमान पकडताना माझ्या खांद्यावरच्या पिशवीतून सुताची गुंडी निघाली. काव, म्हणजे तांबडी माती, लागून लागून घट्ट आणि तांबडी झालेली. शिपायाने ती दोन बोटांत धरून वर केली आणि माझ्याकडे बघितलं. माझं इंग्रजी पाट्यांवर लिहिण्यापुरतं, म्हणून मुलगी पुढे झाली. काय सांगितलं कोण जाणे, पण गुंडी परत मिळाली. ‘‘बाबा, ही कशाला आणलीत?’’ मी आणली नव्हती. ती त्या पिशवीत असतेच.

सांगलीत मी पस्तीस वर्षं पाट्या रंगवल्या. किराणा दुकानांच्या, दुधाच्या टँकरवरच्या, शाळेच्या भिंतींवर सुविचार, निवडणुकीला उमेदवारांचे दहा फुटी चेहरे. फ्लेक्स आलं आणि हात रिकामा झाला. मुलीला नोकरी लागल्यावर तिने विचारलं, कुठे जायचंय? मी म्हटलं, थडगी बघायचीत. तिला वाटलं चेष्टा करतोय.

इजिप्तमधलं लक्सर नाईलच्या दोन्ही काठांवर आहे. पूर्वेला शहर आणि मोठी देवळं, पश्चिमेला उघडाबोडका डोंगर आणि त्याच्या पोटात थडगी. आम्ही मुक्काम पश्चिमेलाच ठेवला, म्हणजे रोजची नावेची ये-जा वाचली. संध्याकाळी फेरीने नदी ओलांडली. पलीकडे उसाचे मळे, पाणंदीतून गाढवगाड्या, आणि हिरवं जिथे संपतं तिथून एकदम वाळवंट, मध्ये पायरीसुद्धा नाही. रात्री ‘फूल’ नावाची घेवड्यासारख्या दाण्यांची उसळ आणि रोटी. तिखट काही नव्हतं. मुलीने पर्समधून चटणीची पुडी काढली.

दुसरा दिवस : कारागिरांचं गाव

लोक आधी राजांच्या दरीत जातात. आम्ही उलटं केलं. आधी देर अल-मदिना, म्हणजे राजांची थडगी खोदणाऱ्या आणि रंगवणाऱ्यांचं गाव. दोन टेकड्यांच्या मधल्या खळग्यात गुडघाभर भिंतींच्या ओळी. तटाच्या आत सत्तरेक घरं, मधून एक अरुंद बोळ. बोळाला लागून घरं, घरात एकामागे एक खोल्या, मागे स्वयंपाकाची जागा. आमच्या गावभागातल्या जुन्या वाड्यांची मागची चाळ अशीच.

इथले लोक सरकारी पगारी नोकर होते. पगार धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला साडेपाच खार, एक खार म्हणजे साधारण 76 लिटर. त्यातलं चार खार एमर गहू भाकरीसाठी, दीड खार जव बिअरसाठी. एमर म्हणजे आपली खपली! हे कळल्यावर मी तिथेच एका दगडावर बसलो. आमच्या घरी अजून सणाला खपलीचीच खीर होते.

दहा दिवसांचा आठवडा, त्यात शेवटचे दोन दिवस सुट्टी. कामाला जायचे ते डोंगर चढून राजांच्या दरीकडे. टोळीचे दोन भाग, उजवा आणि डावा, जहाजावरच्या खलाशांसारखे. प्रत्येक भागाला एक मुकादम आणि हिशेबाला कारकून. हा कारकून फार कामाचा माणूस, कारण त्याच्यामुळेच आपल्याला इतकं कळतं. पपायरसचा कागद महाग, म्हणून रोजच्या नोंदी चुनखडीच्या कपच्यांवर आणि फुटक्या खापरांवर. गावाबाहेर पाण्यासाठी खोदलेला 50 मीटरांहून खोल खड्डा आहे. पाणी लागलंच नाही, मग त्यात कचरा गेला, आणि त्या कचऱ्यातून अशा हजारो कपच्या निघाल्या. ब्रुयेर नावाच्या फ्रेंच संशोधकाने 1922 ते 1951 एवढी वर्षं हे गाव उकरलं.

त्यातली एक कपची आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दुसऱ्या रामसेस राजाच्या चाळिसाव्या वर्षाचं हजेरीपत्रक. 40 नावं, 280 दिवस, आणि प्रत्येक खाड्यावर कारण. विंचू चावला. डोळे आले. घरात मयत. बिअर गाळायची होती. हे शेवटचं कारण कारकुनाने निमूट लिहून घेतलंय. आमच्या मालकाला मी कधी असं सांगितलं असतं तर त्याने रंगाचा डबा अंगावर घातला असता.

आणि संपही झाला. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी धान्य थकलं, तेव्हा हे लोक हत्यारं टाकून उठले आणि पलीकडच्या देवळामागे जाऊन बसले. भूक आणि तहान आम्हाला इथवर घेऊन आली, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, असं त्यांनी सांगितलं. कारकुनाने तेही लिहून ठेवलं.

गावाच्या वरच्या उतारावर त्यांची स्वतःची थडगी. राजाचं काम सुट्टीआधी आटपून, सुट्टीत स्वतःचं. सेन्नेजेम नावाच्या कारागिराचं थडगं 1886 साली सापडलं तेव्हा शाबूत होतं. पायऱ्या खड्या, मग इतकी बुटकी वाट की माझ्या गुडघ्याने पहिली तक्रार तिथेच नोंदवली. आत एकच खोली, पाच मीटर लांब आणि त्याच्या निम्मी रुंद, वर कमानीचं छत. चारी भिंती, छत, सगळं पिवडीच्या, म्हणजे पिवळ्या मातीच्या रंगात. दिव्याखाली वाटतं लोण्याच्या डब्यात उभे आहोत.

पूर्वेच्या भिंतीवर मेल्यानंतरचं शेत. पाण्याचे पाट, झाडं, आणि सेन्नेजेम बैल हाकतोय. पुढच्या ओळीत तो गहू कणसाखाली कापतोय, बायको ईनेफर्ती मागून टोपलीत गोळा करते. दोघांचे कपडे पांढरे शुभ्र, चुण्यांचे, लग्नाला घालायचे. नांगर धरलाय आणि कुठे चिखलाचा ठिपका नाही! ज्याने आयुष्य दगडाच्या धुळीत काढलं त्याला दुसऱ्या जन्मात एवढी तरी मुभा हवी.

मी मात्र बराच वेळ पोपडा उडालेल्या एका कोपऱ्याकडे बघत होतो. तिथे भिंतीचं पोट दिसतं. या टेकडीचा दगड ठिसूळ, त्यात कोरीव काम टिकत नाही. म्हणून आधी माती आणि गव्हाच्या काडाचा गिलावा, त्यावर जिप्समचा पातळ हात, त्यावर रंग. अजिंठ्याच्या गिलाव्यात भाताचं तूस आहे, आमच्या आजोळच्या भिंतीत ज्वारीचा भुसा होता. मातीला तडा जाऊ नये म्हणून त्यात जवळचं जे पीक असेल त्याचं अंग घालायचं, हे कुणी कुणाला शिकवलं नसावं.

आणि हे ओल्या गिलाव्यावर केलेलं काम नाही. भिंत वाळल्यावर, रंगात डिंक किंवा सरस मिसळून. म्हणजे ओलं बोट फिरवलं तर रंग बोटाला येईल. पहारेकरी माझ्या बोटांवरच लक्ष ठेवून होता. बरोबरच आहे.

वरच्या इन्हेर्खाऊच्या थडग्यात इशेद झाडाखाली एक मांजर, लांब कानांचं, सुरीने सापाला कापतंय. मांजर म्हणजे सूर्यदेव रा आणि साप म्हणजे त्याचा शत्रू अपोफिस. इन्हेर्खाऊ टोळीचा मुकादम. छत बघून मान दुखली, वेटोळ्यांची नक्षी आणि मध्ये बैलांची डोकी, जणू गालिचा उलटा टांगलाय. मुकादमाचं काम मुकादमासारखंच झालंय.

तिसरा दिवस : साहेबांची थडगी

इथली तिकिटं थडग्याशी मिळत नाहीत. मेम्नॉनच्या दोन बसलेल्या पुतळ्यांच्या पुढे खिडकी आहे, तिथे जोडीजोडीने घ्यायची. आम्ही एक जोडी विसरलो आणि टेकडीवरून परत फिरलो. टॅक्सीवाल्याने त्या दोन किलोमीटरचे जेवढे घेतले तेवढ्यात सांगलीहून मिरजेला दहा वेळा जाऊन आलो असतो.

शेख अब्द अल-कुर्ना ही टेकडी अधिकाऱ्यांची. वजीर, पुजारी, जमीनमोजणीवाले. मेन्ना मोजणीखात्यातलाच. त्याच्या भिंतीवर दोरी धरून शेत मोजणारी माणसं आहेत आणि बाजूला लिहून घेणारे कारकून. मोजणीच्या दिवशी शेतकऱ्याचा चेहरा जसा असतो तसाच. त्याच भिंतीवर दोन पोरी झिंज्या धरून भांडतायत आणि जवळच एक जण दुसरीच्या पायातला काटा काढतेय. मोठ्या साहेबाच्या थडग्यात असल्या गोष्टींना जागा मिळते याचं मला फार बरं वाटलं. मेन्नाचे डोळे मात्र कुणीतरी खरवडून काढलेत.  ज्याची जमीन कमी भरली त्याने, असं मुलीचं मत.

नख्तच्या थडग्यात एकच छोटी खोली रंगवलेली, तीही आता काचेआड. तीन वाजंत्री बाया प्रसिद्ध आहेत, एकीकडे वीणा, एकीकडे दुहेरी पावा, मधली तंतुवाद्य घेऊन मागे वळलेली. मधलीच्या वळण्याने तिन्ही एकत्र बांधल्या गेल्यात. खुर्चीखाली मांजर मासा खातंय. पुढे एक भिंत अर्धवटच राहिलीय, नख्त आधीच गेला असावा. त्याचा छोटा पुतळाही सापडला होता, पण पहिल्या महायुद्धात परदेशी नेताना जहाजच बुडालं. मांजर राहिलं.

सेन्नेफरच्या थडग्यात मी मोठ्याने हसलो. खाली उतरल्यावर वर बघितलं तर छत खालवर, ओबडधोबड, जागोजागी फुगवटे. आम्हाला असलं छत मिळालं असतं तर गवंड्याला बोलावून दोन दिवस भांडलो असतो. या चित्रकाराने सरळ द्राक्षाचा मांडव काढला. फुगवटा आला की तिथे घोस. आता वाटतं घोसाच्या वजनानेच छत खाली आलंय. वाकडं काम झाकायचं नाही, त्यालाच कामाला लावायचं. धंद्यात याला डोकं लागतं.

रेखमिरेचं थडगं वेगळ्याच पातळीचं. तो तिसऱ्या थुटमोस राजाचा वजीर. लांब बोळ, आणि जसजसं आत जावं तसं छत वर वर जातं, शेवटी आठेक मीटर. भिंतीवर सगळे कारखाने. विटा पाडणारे, पाण्याच्या कुंडातून घागरी भरणारे, सुतार, चांभार, धातू ओतणारे. एका ठिकाणी दोघे पाथरवट घडीव दगडाच्या दोन टोकांना काठ्या लावून दोरी ताणतायत आणि तिसरा तेवढ्याच मापाची काठी दोरीखाली धरून उंचवटा शोधतोय. मी मुलीला म्हटलं, हे मी पण करतो! ती पहिल्यांदाच जवळ येऊन नीट बघायला लागली.

आणखी एक मुलगी आहे तिथे, मेजवानीत वाढणारी. सगळ्या इजिप्तभर माणसं बाजूने काढतात, चेहरा बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून. ही पाठमोरी आहे, थोडी वळलेली. नियम मोडून एकाने काढून बघितली आणि कुणी पुसायला लावली नाही. मी तिच्यासमोर एकट्याने किती वेळ उभा होतो हे मुलगीच सांगू शकेल. ती बाहेर चहा पिऊन आली होती.

रामोसेच्या मोठ्या दालनात दगड चांगला, म्हणून उठावाचं कोरीव काम. केसांची एकेक बट मोजता येते. रंग नाही, फक्त डोळ्यांभोवती काळी रेघ. पांढऱ्या दगडात ते काळे डोळे, सुंदर आहे पण मला जरा भीती वाटली. दक्षिणेच्या भिंतीवर रंगात शोक करणाऱ्या बाया, हात वर, गालावर आसवांचे थेंब, आणि घोळक्यात एक उघडी लहान मुलगी तसेच हात वर करून. ती बायांकडे बघून नक्कल करतेय की खरंच रडतेय, ठरेना.

चौथा दिवस : अर्धवट राजा

राजांच्या दरीत गर्दी. वर गरम हवेचे फुगे उडत होते, खाली गाइड ओरडत होते. एक जण आपल्या घोळक्याला सांगत होता की आतलं काम आरशांनी ऊन परावर्तित करून केलं. ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते. पण कारकुनाने वातींचा हिशेब लिहून ठेवलाय ना! कापडाच्या वाती, चरबी चोळलेल्या, सकाळी इतक्या काढल्या, दुपारी इतक्या. वातीच मोजून दिल्या तर मजुरांनी अर्धा दिवस कुठे काढला हेही कळतं. असा मालक मी बघितलाय, तो बल्ब मोजायचा.

तुतानखामूनचं थडगं बघितलं, कारण तिकीट मुलीने आधीच काढलं होतं. खोली लहान, भिंतीवर तपकिरी ठिपकेच ठिपके. बुरशीचे डाग आहेत, आता मेलेली. रंग आणि गिलावा पुरता वाळायच्या आत थडगं बंद झालं, राजा तरुणपणीच गेला, घाई झाली. एक बारकावा मला आधीपासून माहीत होता म्हणून शोधला. इजिप्तमध्ये उभ्या माणसाला टाचेपासून केसांच्या रेषेपर्यंत आखणीच्या जाळीचे 18 चौकोन. गुडघा सहाव्या रेघेवर, कोपर बाराव्या, खांदा सोळाव्या. त्याच्या आधीच्या आखेनातेन राजाच्या काळात हे माप 20 चौकोनांवर गेलं होतं. तुतानखामूनच्या उत्तरेच्या भिंतीवरची माणसं 20ची आहेत, दक्षिणेची 18ची. एकाच खोलीत एका हाताला जुनं माप, दुसऱ्याला नवं. दोन पिढ्यांचे पेंटर एकत्र काम करत होते आणि भांडायला वेळ नव्हता.

चौकोन पाडून मोठं करणं हे आमचं रोजचं. पोस्टकार्डाएवढा फोटो, त्यावर पेन्सिलीने जाळी, भिंतीवर तशीच मोठी जाळी, मग एकेक घर उतरवायचं. फरक एवढाच, आमच्या जाळीत उमेदवार ठरायचा, त्यांच्या जाळीत माणूस म्हणजे काय हेच ठरलेलं होतं.

माझा खरा राजा होरेमहेब. 1908 साली सापडलेलं हे थडगं खोल आहे, पायऱ्या आणि उतार संपता संपत नाहीत. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, गुडघा?’’ मी म्हटलं, वर यायचं नंतर बघू. शवपेटीच्या दालनात पोचलो आणि गुडघा विसरलो. इथलं काम पूर्ण झालेलंच नाही. राजा गेला आणि जिथे जो होता तिथे थांबला.

एका भिंतीवर फक्त आखणी. कावेत बुडवलेलं सूत दोघांनी दोन टोकांना धरून ताणायचं आणि मध्ये चिमटीत उचलून सोडायचं, फट्. भिंतीवर सरळ रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक शिंतोडे. ते शिंतोडे तिथे आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीचे. हा आवाज मी आयुष्यात काही लाख वेळा ऐकला असेल, त्या दालनात मला तो पुन्हा ऐकू आला असं म्हणलं तर मुलगी हसेल, म्हणून म्हणत नाही.

शेजारी जाळीवर लाल रंगात कच्ची आकृती. देवाची मांडी, थोडी जाड. त्यावरून काळ्या रेघेने दुरुस्ती, मांडी आत घेतलेली. लाल रेघ भित्री आहे, तुटक, दोनदा फिरवलेली. काळी एका दमात खांद्यापासून मनगटापर्यंत, कोपरापाशी ब्रश कोरडा होत आलेला, मनगटाआधी पुन्हा बुडवलेला. पोरगा आणि उस्ताद. पोराने काढलं, उस्तादाने मागून येऊन काही न बोलता बरोबर केलं. मी पण चौदाव्या वर्षी असाच लाल रेघ होतो. आमचे उस्ताद मात्र बोलायचे, आणि आईवरून बोलायचे.

थोडं पुढे त्याच काळ्या रेघेवर छिन्नी सुरू झालेली, आकृती अर्धी उठावात, अर्धी अजून शाईत. आणि त्यापुढे पूर्ण रंग, राखी-निळ्या पार्श्वभूमीवर. निळा हा मातीतून मिळत नाही. वाळू, चुना, तांबं आणि क्षार एकत्र करून 900 अंशांच्या आसपास भट्टीत शिजवायचा, मग कुटायचा. बाकी रंग घरचेच म्हणायचे. काव, पिवडी, काजळी, खडूसारखा पांढरा. ब्रश म्हणजे लव्हाळ्याची काडी, टोक चावून तंतू मोकळे केलेली. कडुनिंबाच्या काडीने दात घासणारा कुठलाही माणूस तो बनवू शकेल.

या लोकांना त्यांच्या भाषेत रेघांचे लेखनिक असं काहीसं म्हणत. चित्र आणि अक्षर एकाच हाताचं काम. पाटीवाल्याला हे समजायला वेळ लागत नाही.

पाचवा दिवस

गुडघ्याने सुट्टी घेतली. नोंद करणारा कारकून असता तर कारण विंचवापेक्षा खरं होतं. गच्चीवर कर्कदे नावाचं लाल जास्वंदी सरबत पीत बसलो. मुलीने समोरचा डोंगर काढून दाखव म्हटलं. काढला, आवडला नाही.

सहावा दिवस : कैरो

परतीच्या आधी अर्धा दिवस कैरोच्या संग्रहालयात. सोन्याच्या मुखवट्याकडे लोक चाललेले, आम्ही सेन्नेजेमची अवजारं शोधत होतो. त्याच्या थडग्यातून आलेली, त्याचं नाव लिहिलेली. गुण्या, ओळंबा आणि पाणसळ. पाणसळ म्हणजे दोन लाकडं वर जोडून मध्ये आडवी पट्टी, शेंड्यावरून दोरी, दोरीला चुनखडीचा गोळा. दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की जमीन सपाट. पुढच्या जन्मी पांढऱ्या कपड्यांत शेती करणार होता, तरी अवजारं बरोबर घेतलीच.

मी वहीत ओळंबा काढला, मापासकट. मुलगी विमानाची वेळ बघत होती. विमानतळावर पुन्हा भानगड नको म्हणून सुताची गुंडी तिने स्वतःच्या मोठ्या बॅगेत तळाला टाकली.

घरी येऊन बॅग उघडली तर तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर कावेची आडवी रेघ. दोनदा धुतला. जात नाही म्हणते.